फर्नेस सोडून सर्व काही

होम वॉरंटी रिन्यू करावी की करू नये, हा प्रश्न श्रीरंग सोनटक्केच्या घरात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात टपालानं आला. साल शहाऐंशी. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधलं ते घर त्यानं आदल्या वर्षीच घेतलं होतं. घर जुनं होतं, आणि विकणाऱ्यानं एक वर्षाची वॉरंटी आपल्या खिशातून घालून दिली होती. विकणारा आपणहून काही देतो तेव्हा ते का देतो हे विचारायचं असतं, हे श्रीरंगला नंतर सुचलं. तो इंजिनियर होता. इंजिनियरला बऱ्याच गोष्टी नंतर सुचतात, फक्त त्या वेळी त्यांना तो अनुभव म्हणतो.

वॉरंटीचा करार साधा होता. घरातलं एखादं यंत्र बिघडलं की कंपनीला फोन करायचा, कंपनी माणूस पाठवणार, माणसाच्या हातावर येण्याजाण्याचे थोडे डॉलर ठेवायचे, बाकीचा खर्च कंपनीचा. वर्षभरात असा फोन एकदाही करावा लागला नव्हता. पहिल्या काही महिन्यांत याचं कारण नशीब होतं. मे महिन्यापासून याचं कारण नाना होते.

नाना म्हणजे श्रीरंगचे वडील, जगन्नाथराव. नागपूरला वीज मंडळात आयुष्य काढून डेप्युटी इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. बायको गेल्यावर एकटे पडले, म्हणून श्रीरंगनं त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतलं होतं. पण शॉमबर्गमध्ये गाडी चालवता न येणाऱ्या माणसाला करण्यासारखं काही नसतं. पहिल्याच आठवड्यात ते सकाळी फिरायला निघाले, तर पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली आणि आतल्या तरुण अधिकाऱ्यानं काही हरवलंय का म्हणून अदबीनं विचारलं. नानांनी नाही म्हणून सांगितलं. घरी येऊन त्यांनी त्या अधिकाऱ्याच्या वागणुकीचं कौतुक केलं, आणि पुन्हा फिरायला गेले नाहीत.

मग एक दिवस स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. नानांनी नागपूरहून आणलेल्या ट्रंकेतून पक्कड काढली, जुन्या स्लिपरच्या टाचेतून गोल तुकडा कापला आणि जेवणाच्या आत नळ बंद केला. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले. तेव्हापासून सकाळचा चहा झाला की ते सुलेखाला, म्हणजे सुनेला, आज काय बिघडलंय असं विचारायचे. आजारी माणसाची चौकशी करावी तसं विचारायचे, पण त्या चौकशीत थोडी आशा असायची. सुलेखा एका बँकेत नोकरीला होती. कामाला निघायच्या घाईत ती कधी बाथरूमच्या पंख्याचं नाव घ्यायची, कधी गराजच्या दाराचं. संध्याकाळी परत येईपर्यंत ते यंत्र खरोखरच उघडलेलं असायचं.

वॉरंटीचं पत्र आलं तेव्हा घरात लगेच दोन पक्ष पडले. सुलेखा रिन्यू करण्याच्या बाजूची. घर तापवणारी फर्नेस म्हातारी झालीय, शिकागोचा जानेवारी तोंडावर आलाय, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते तिनं एकदाच मांडलं. नाना विरुद्ध बाजूचे. दोन इंजिनियर राहतात त्या घरानं परक्या कंपनीला पैसे देऊन आपली यंत्रं सांभाळायला सांगणं त्यांना मनातून पटत नव्हतं. श्रीरंग कोणत्याच बाजूचा नव्हता. त्याला डेटा हवा होता.

डेटा गोळा करायला त्यानं कोजागिरीचा मुहूर्त निवडला. मराठी मंडळी त्या वर्षी श्रीरंगच्या मित्राकडे, गुरुदत्तकडे, जमली होती. बाहेर थंडी असल्यामुळे चंद्र सगळ्यांनी बैठकीच्या खोलीच्या काचेतून पाहिला आणि मसाला दूध हातात घेऊन सोफ्यावर बसले. श्रीरंगनं विषय काढला मात्र, चंद्राकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही. वॉरंटीवर मत नसलेला माणूस त्या खोलीत नव्हता, आणि ज्याच्याकडे वॉरंटी नव्हती त्याचं मत सगळ्यात पक्कं होतं. मालिनीताई पॅथॉलॉजिस्ट होत्या. त्यांच्या घरचा एअरकंडिशनर एकदा कंपनीनं पूर्ण बदलून दिला होता, तेव्हापासून त्या कंपनीचं नाव कुलदैवताचं घ्यावं तसं घ्यायच्या. गुरुदत्तनं मात्र श्रीरंगला बाजूला घेतलं.

"हे बघ यार," तो म्हणाला, "त्यांच्याकडे 'नाही' म्हणायला एक माणूस पगारावर ठेवलेला असतो. तो पगार तू देतोस."

त्यानं पुढे एक तोडगाही सुचवला. एकदा क्लेम करून बघायचा. कंपनीनं काम केलं तर रिन्यू करायचं, नाही केलं तर कॅन्सल. श्रीरंगला हे शास्त्रीय वाटलं. परत येताना त्यानं गाडीत सुलेखाला सांगितलं की आपल्या डिशवॉशरचा पीठगिरणीसारखा आवाज येतो, त्याचाच क्लेम करू या. मागच्या सीटवर नाना शाल गुंडाळून बसले होते. त्यांना झोप लागली असेल असं श्रीरंगला वाटलं.

कंपनीनं गुरुवारची तारीख दिली. बुधवारी सगळे कामावर आणि नात रुपाली शाळेत गेल्यावर नानांनी डिशवॉशर उघडला. दुरुस्त करायला नव्हे, असं त्यांनी नंतर स्पष्ट केलं. बाहेरचा माणूस यायच्या आत घरच्या माणसाला दोष ठाऊक असावा एवढ्यासाठी. दोष सापडलाही. आतल्या फिरत्या भागात प्लॅस्टिकचं एक झाकण अडकलं होतं. नानांनी ते काढलं, सगळं परत बसवलं, आणि एक स्क्रू शिल्लक राहिला. आवाज पूर्ण थांबला. त्याच्या जागी खालून पाणी यायला लागलं. नानांनी त्या जागेला नागपूरहून आणलेली काळी टेप गुंडाळली आणि वरून सुतळी आवळली. संध्याकाळी रुपालीनं ते पाहिलं आणि "आबा, यू आर सो डेड," असं म्हणाली. नानांना त्याचा अर्थ नीटसा लागला नाही. सुरात माया होती, तेवढी त्यांनी घेतली.

गुरुवारी कंपनीचा माणूस आला. तो गुडघ्यांवर बसला, टॉर्च लावला, आणि सुतळीकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं एका छापील कागदावर चार ओळी लिहिल्या, श्रीरंगची सही घेतली, येण्याजाण्याचे डॉलर घेतले आणि गेला. क्लेम नामंजूर. कारण, अनऑथराइज्ड रिपेअर बाय अनक्वालिफाइड पर्सन.

श्रीरंगच्या दृष्टीनं प्रयोग संपला होता. कंपनी नाही म्हणाली होती, आता कॅन्सल करायचं. तो कागद त्यानं फ्रिजवर ठेवला, आणि तिथेच चुकलं. चहानंतर नानांनी चष्मा लावून तो उभ्यानं वाचला. मग खाली बसून पुन्हा वाचला.

"श्रीरंग," ते म्हणाले, "अनक्वालिफाइड म्हणजे त्यांना माझं क्वालिफिकेशन माहीत नाही, असा अर्थ घ्यायचा ना?"

श्रीरंग हो म्हणाला. तो एवढंच म्हणू शकत होता.

"मग त्यांना कळवायला पाहिजे."

नाना चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते चिडले नाहीत, कमी जेवायला लागले. सकाळी काय बिघडलंय हे विचारणंही बंद झालं. नोकरीभर त्यांना कधी मेमो मिळाला नव्हता, आणि रिटायर होऊन सातासमुद्रापलीकडे आल्यावर एका पोरानं स्वयंपाकघरात बसून तो दिला होता. शेवटी रुपालीच्या टाइपरायटरवर एका बोटानं त्यांनी कंपनीच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिलं. त्याची सुरुवात 'आय हॅव द ऑनर टू स्टेट' अशी होती आणि शेवट 'युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' असा. मधल्या भागात त्यांचं शिक्षण होतं, नोकरीचा तपशील होता, आणि स्थळाची समक्ष पाहणी व्हावी अशी नम्र विनंती होती. श्रीरंगनं पत्र टपालात टाकलं, कारण न टाकण्याचं धैर्य त्याला झालं नाही. अशा पत्राला अमेरिकेत कोणी उत्तर देत नाही याची त्याला खात्री होती.

उत्तर चौथ्या दिवशी फोननं आलं. त्या कंपनीला लोक पत्रं लिहीत, पण ती बहुतेक शिव्यांची असत. एवढ्या आदरानं त्यांना आजवर कोणी लिहिलं नव्हतं, आणि या माणसाशी कसं वागावं हे न कळून त्यांनी पत्र वरच्या मजल्यावर पाठवलं असावं. वरच्या मजल्यानं पाहणीची विनंती मान्य केली. शनिवारी सकाळी इन्स्पेक्टर येणार होती.

नानांना पाहणी म्हणजे काय ते ठाऊक होतं. सुपरिंटेंडिंग इंजिनियर सबस्टेशनवर येतात तेव्हा काय काय लागतं, हे त्यांना नव्यानं शिकायचं नव्हतं. शनिवारी ते विमानात घातलेला कोट आणि टाय घालून तयार झाले, आणि सुलेखाला पोहे करायला सांगितलं. खाल्ल्याशिवाय झालेली कोणतीही पाहणी नीट पार पडल्याचं त्यांच्या पाहण्यात नव्हतं. सुलेखानं पोहे केले. वॉरंटी वाचवायला नव्हे. आठवड्यानंतर नाना पहिल्यांदा आपणहून स्वयंपाकघरात आले होते म्हणून.

इन्स्पेक्टर मिसेस कोवाल्स्की पन्नाशीच्या, थोराड बांध्याच्या बाई होत्या. दारातल्या चपला पाहून त्यांनी न सांगता आपले बूट काढले. त्यामुळे नानांचं त्यांच्याबद्दल चांगलं मत झालं. बाईंनी दोनदा पोहे घेतले आणि मग पेन काढलं.

त्यानंतर जे झालं ते श्रीरंगला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. नानांनी बाईंना घर दाखवायला सुरुवात केली. आपण अनक्वालिफाइड नाही हे त्यांना सिद्ध करायचं होतं, आणि पुरावे घरभर पसरलेले होते. स्वयंपाकघरातला नळ दाखवून त्यांनी स्लिपरच्या टाचेची हकीकत सांगितली. बाईंनी लिहून घेतलं. बाथरूमचा पंखा, गराजचं दार, तळघरातलं पाणी बाहेर फेकणारा पंप, एकेक वस्तू ते अभिमानानं पुढे करत होते आणि एकेक वस्तू वॉरंटीतून जात होती. श्रीरंग मागून चालत होता. पंपापाशी त्यानं नानांचा कोट मागून हलकेच ओढून पाहिला. नानांनी मागे वळून विचारलं, "काय रे? हा राहिला होता ना दाखवायचा?" श्रीरंगनं हात काढून घेतला. एवढ्या महिन्यांत नाना इतकं सलग कोणाशी बोलले नव्हते.

सगळ्यात शेवटी पाणी तापवायची टाकी आली. ऊब वाया जाऊ नये म्हणून नानांनी तिला वरपासून खालपर्यंत जुनी रजई गुंडाळली होती. बाईंचं पेन थांबलं. त्या खाली वाकल्या, टाकीखालच्या गॅसच्या ज्योतीकडे पाहिलं, आणि रजईची गाठ स्वतः सोडली. खालची कड तपकिरी पडली होती. त्यांनी रजईची नीट घडी केली, नानांच्या हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, यानं घर जळलं असतं."

कोट, टाय आणि हातात रजई अशा अवस्थेत नाना उभे राहिले. वर रुपालीच्या खोलीत रेडिओ चालू होता, त्याचा आवाज खाली येत होता.

मिसेस कोवाल्स्कींनी आपले कागद चाळले आणि श्रीरंगकडे पाहिलं. घर घेतलं की आधीच्या मालकाचा मूर्खपणाही घरासोबत मिळतो, असं त्या म्हणाल्या. हे सगळं आधीच्या मालकानं केलेलं असेल तर तसं लिहिता येईल. मग सोनटक्क्यांचा काही दोष नाही, काहीच वगळावं लागणार नाही, वॉरंटी होती तशी पूर्ण रिन्यू होईल. बाईंनी गेला अर्धा तास सगळ्या हकीकती नानांच्या तोंडून ऐकल्या होत्या. तरी त्यांनी हे विचारलं, आणि विचारताना त्या नानांकडे पाहत नव्हत्या.

"येस," नाना म्हणाले. "प्रीव्हियस ओनर."

ज्या माणसानं आपल्या नावासाठी एका बोटानं दोन पानं टाइप केली होती, तो हे म्हणाला. श्रीरंगनंही हो म्हटलं असतं तर नळ, पंप, टाकी, डिशवॉशर, सगळं परत मिळत होतं.

"नो," तो म्हणाला. "माय फादर डिड इट. ऑल ऑफ इट."

बाईंनी एकदा श्रीरंगकडे आणि एकदा नानांकडे पाहिलं. दोघांपैकी एकाचंच मला लिहिता येईल, असं म्हणाल्या. मग त्यांनी श्रीरंगचं लिहिलं. जाताना दारात बूट घालताना त्यांनी नानांशी हस्तांदोलन केलं आणि पोह्यांची कृती मागितली. ती सुलेखानं त्यांच्याच एका छापील कागदाच्या मागे लिहून दिली.

कंपनीचा निर्णय यायला वेळ लागला नाही. वॉरंटी रिन्यू करता येईल, पण फर्नेस सोडून घरातलं सर्व काही वगळण्यात येत आहे. पैसे मात्र तेवढेच. फर्नेस वाचली होती, कारण नाना आले तेव्हा उन्हाळा लागत होता आणि ती बंद होती. बंद यंत्रात बिघाड शोधणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

आता शेवटची तारीख एकतीस ऑक्टोबर. चेकवर त्या दिवशीचा टपालाचा शिक्का पडायला हवा होता. त्या संध्याकाळी अंगात कोट, एका हातात गाडीच्या किल्ल्या आणि दुसऱ्या हातात चेकचं पाकीट अशा थाटात श्रीरंग बैठकीच्या खोलीत उभा होता, आणि पोस्ट ऑफिस बंद व्हायला फार वेळ राहिला नव्हता. पण तो दिवस हॅलोवीनचा होता, मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार चॉकलेट मागतात त्या सणाचा. दर थोड्या वेळानं बेल वाजायची आणि दारात चेटकिणी, सांगाडे आणि एखादा भोपळा उभा असायचा. चॉकलेटचा वाडगा नानांकडे होता. ते प्रत्येक सांगाड्याला त्याचं नाव आणि इयत्ता विचारल्याशिवाय काही देत नव्हते.

"नाना," श्रीरंग म्हणाला, "मी विचार करतोय, रिन्यू नको करू या."

नानांना ते पटलं नाही. गंमत म्हणजे आता ते रिन्यू करण्याच्या बाजूचे झाले होते. पंधरा दिवसांनी त्यांचा व्हिसा संपत होता, ते नागपूरला जाणार होते. मग घरात कशालाही हात लावणारं कोणी उरणार नव्हतं, आणि पुढच्या वर्षी कंपनी कदाचित सगळंच परत वॉरंटीत घेईल. हे त्यांनी शांतपणे, मुद्देसूद सांगितलं. तेवढ्यात बेल वाजली. एक लहानशी मधमाशी आली होती. तिला इयत्ता नव्हती.

नाना परत आल्यावर श्रीरंग म्हणाला की फर्नेसचं काही खरं नसतं, ती जानेवारीतही बंद पडू शकते. नाना म्हणाले, म्हणूनच तर वॉरंटी घ्यायची. श्रीरंग म्हणाला, वॉरंटीचा माणूस यायला चार चार दिवस लागतात. घरात जाणता माणूस असलेला बरा. नाना म्हणाले, जाणता माणूस आहे की, तू. श्रीरंग म्हणाला, मला काही येत नाही त्यातलं. नाना म्हणाले, मला तरी कुठे येतं, मी विजेचा माणूस, ते गॅसचं काम. बेल वाजली. या वेळी दोन चेटकिणी होत्या, आणि त्या दोघी एकाच इयत्तेत असल्याचं बाहेरून ऐकू आलं.

श्रीरंगनं घड्याळात पाहिलं. नाना परत येऊन बसले. तो पुन्हा फर्नेसवर आला. फिल्टर, बर्नर, गेल्या हिवाळ्यात येत असलेला एक बारीक आवाज. सुलेखा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकत होती. दिवसभर बँकेत उभी राहून ती दमली होती, आणि तिला जानेवारीत गरम घर हवं होतं. तरी तिनं पुढे येऊन श्रीरंगच्या हातातलं पाकीट काढून घेतलं.

"नाना," ती म्हणाली, "फर्नेसचं काही नाहीये. श्रीरंग तुम्हाला राहा म्हणतोय. गेले दोन आठवडे तेच म्हणतोय."

नानांनी वाडगा मांडीवर ठेवला. त्यांनी आधी श्रीरंगकडे पाहिलं. तो गाडीच्या किल्ल्यांकडे बघत होता.

"मग सरळ म्हणायचं," नाना म्हणाले.

"तुमचाच मुलगा आहे," सुलेखा म्हणाली.

दारात बेल वाजली, परत वाजली. रुपाली जिन्यावरून धावत आली, वाडगा उचलून दाराकडे गेली आणि आलेल्या मंडळींना काही न विचारता मूठमूठ देऊन मोकळी झाली. नानांनी चष्मा काढून टायच्या टोकानं पुसला. टाय त्यांनी का घातला होता हे त्या दिवशी कोणी विचारलं नव्हतं. हॅलोवीनला सगळेच काहीतरी घालतात.

"एक्स्टेन्शनला काय लागतं?" त्यांनी विचारलं.

चेक टपालात पडलाच नाही. व्हिसा मात्र वाढवून मिळाला. त्यालाही फोटो, फी आणि दोन चकरा लागल्या, पण तो वेगळा विषय आहे. फर्नेस जानेवारीच्या मध्यावर एका रविवारी सकाळी बंद पडली, पारा शून्याच्या बराच खाली असताना. बापलेक स्वेटरवर कोट घालून तळघरात उतरले. नानांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून तिला सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "हे माझं काम नव्हे. माणूस बोलाव."

माणूस आला, रविवारचा म्हणून जादा दरानं. नानांनी त्याला चहा दिला आणि शेजारी स्टूल टाकून बसले. हे काय, ते कशासाठी, हे असं का आणि तसं का नाही, असं ते विचारत राहिले. माणूस भला होता. हातातला पाना खाली ठेवून तो उत्तरं देत राहिला, एकदा तर त्यानं कागदावर चित्र काढून दाखवलं. बिल दोन तासांचं झालं. त्यातला एक तास दुरुस्तीचा होता आणि एक नानांच्या शंकांचा, हे श्रीरंगला बिल वाचतानाच समजलं.

त्यानं दोन्ही तासांचे पैसे दिले.